फिलिप लार्किनची कविता : निराशावाद आणि वास्तववाद यांचा परस्परसंबंध

सारांश

महायुद्धोत्तर इंग्रजी कवितेतील प्रमुख कवी फिलिप लार्किन याच्यावर 'निराशावादी कवी' असा शिक्का बसला आहे. प्रस्तुत लेखात या शिक्क्याची त्याच्या निवडक कवितांच्या आधारे तपासणी केली आहे. लार्किनच्या स्वभावात निराशा होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या श्रेष्ठ कवितांत वास्तवाचे काटेकोर निरीक्षण हे आशेइतकेच निराशेलाही अंकुश लावते. जिथे हे निरीक्षण सैल पडते तिथेच निराशा सिद्धान्ताचे रूप घेते आणि कविता दुबळी होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : लार्किन, निराशावाद, वास्तववाद, हार्डी, मूव्हमेंट, मृत्यूविषयक कविता.

१. प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रजी कवितेचा विचार फिलिप लार्किन (१९२२–१९८५) याला वगळून करता येत नाही. आपल्याकडील पदवी व पदव्युत्तर वर्गांच्या इंग्रजी अभ्यासक्रमांतूनही त्याच्या कविता शिकवल्या जातात. मात्र अध्यापनाच्या सोयीसाठी कवींना जी विशेषणे चिकटवली जातात, त्यांपैकी 'निराशावादी' हे विशेषण लार्किनच्या वाट्याला आले आणि ते इतके रूढ झाले की कविता वाचण्यापूर्वीच विद्यार्थ्याला तिचा निष्कर्ष ठाऊक असतो. पुढे कवितेचे वाचन म्हणजे त्या निष्कर्षाला पुरावे जमवणे एवढेच उरते.

या समजाला खुद्द लार्किननेही खतपाणी घातले. १९७९ मधील एका मुलाखतीत, वर्ड्‌स्वर्थच्या कवितेत डॅफोडिलच्या फुलांचे जे स्थान आहे तेच आपल्या कवितेत वंचिततेचे आहे, अशा आशयाचे उद्गार त्याने काढले होते. हे वाक्य वारंवार उद्धृत केले जाते. पण त्यातील खोच सहसा लक्षात घेतली जात नाही. डॅफोडिल ही वर्ड्‌स्वर्थने प्रत्यक्ष पाहिलेली वस्तू होती, आधी ठरवलेले मत नव्हे. लार्किनही वंचिततेकडे पाहण्याचा विषय म्हणून निर्देश करतो. तेव्हा विचारायचा प्रश्न असा की, लार्किनची निराशा हा त्याच्या कवितेचा सिद्धान्त आहे की तिचा प्रारंभबिंदू? आणि निराशेपासून निघालेली कविता नेहमी निराशेपाशीच थांबते काय?

२. संज्ञांचा विचार

निराशावाद ही संज्ञा आपण सैलपणे वापरतो. शोपेनहाउअरसारख्या तत्त्वज्ञाच्या संदर्भात तिला निश्चित अर्थ आहे. जीवनाच्या मुळाशी असलेली इच्छा कधीच तृप्त होत नाही, म्हणून दुःख हे आनुषंगिक नसून अटळ आहे, अशी ती भूमिका होय. याहून भिन्न असा स्वभावगत निराशावाद असतो, ज्यात माणूस प्रत्येक प्रसंगाची वाईट बाजू आधी पाहतो. तिसरा प्रकार साहित्यकृतीतील निष्कर्षाचा. कवी स्वभावाने निराश असला तरी त्याची कविता कोणत्या निष्कर्षाला पोहोचते हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. लार्किनविषयीच्या चर्चेत दुसऱ्या प्रकारावरून तिसऱ्याचे अनुमान केले जाते आणि त्याला पहिल्याची प्रतिष्ठा दिली जाते. सगळा घोटाळा येथून सुरू होतो.

वास्तववाद ही मुळात कादंबरीच्या समीक्षेतील संज्ञा. तिचा लार्किनशी असलेला संबंध बाहेरून जोडलेला नाही. त्याला आरंभी कादंबरीकार व्हायचे होते. 'जिल' (१९४६) आणि 'अ गर्ल इन विंटर' (१९४७) या त्याच्या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. तिसरी पूर्ण होऊ शकली नाही. कादंबरीकाराची नजर मात्र त्याने कवितेत आणली. डेव्हिड लॉज याने 'द मोड्स ऑफ मॉडर्न रायटिंग' (१९७७) या ग्रंथात लार्किनच्या कवितेचे वर्णन रूपकापेक्षा सान्निध्यसंबंधावर उभी असलेली कविता असे केले आहे. एका वस्तूवरून तिच्या शेजारच्या वस्तूकडे, खोलीवरून खोलीतल्या माणसाकडे, असा तिचा प्रवास असतो. वास्तववादी गद्याची चालही हीच असते.

प्रस्तुत लेखात वास्तववाद ही संज्ञा तीन गोष्टींच्या आधारे वापरली आहे : नेमके तपशील, बोलणाऱ्याला स्वतःच्या दृष्टीच्या मर्यादेची जाणीव असणे, आणि पुराव्याला झेपेल तेवढाच निष्कर्ष काढणे. यांपैकी तिसरा निकष सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो आशावादाला जसा लागू पडतो तसाच निराशावादालाही.

३. पार्श्वभूमी

लार्किनचा जन्म ९ ऑगस्ट १९२२ रोजी कॉव्हेंट्री येथे झाला. वडील त्या शहराच्या नगरपालिकेचे कोषाध्यक्ष होते. १९४० मध्ये तो ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मन बाँबवर्षावात कॉव्हेंट्रीचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. दृष्टिदोषामुळे त्याला सैन्यात घेतले गेले नाही. १९४३ मध्ये पदवी घेतल्यावर त्याने ग्रंथपालाचा पेशा पत्करला. वेलिंग्टन, लेस्टर आणि बेलफास्ट येथील नोकऱ्यांनंतर १९५५ मध्ये तो हल विद्यापीठात ग्रंथपाल झाला आणि २ डिसेंबर १९८५ रोजी निधन होईपर्यंत त्याच पदावर राहिला. रोज कार्यालयात जाणारा, अंदाजपत्रके आणि समित्यांच्या बैठका सांभाळणारा हा कवी होता.

'द नॉर्थ शिप' (१९४५) या पहिल्या संग्रहावर येट्सचा गडद प्रभाव आहे. पुढे थॉमस हार्डीची कविता वाचल्यावर आपली वाट बदलली, असे त्याने या संग्रहाच्या १९६६ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. स्वतःच्या साध्या अनुभवापासून कविता लिहिता येते, त्यासाठी आयुष्याला भव्य करण्याची गरज नाही, हा धडा त्याने हार्डीपासून घेतला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हार्डीवरही निराशावादाचा आरोप सतत होत होता. 'लेट लिरिक्स अँड अर्लिअर' (१९२२) या संग्रहाच्या प्रास्ताविकात त्याने या आरोपाचा प्रतिवाद केला. ज्याला निराशावाद म्हटले जाते ते वास्तवाचे प्रश्नात्मक अन्वेषण आहे आणि सुधारणेची वाट वाईटाचे पूर्ण दर्शन घेतल्यावरच सापडते, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख होता. लार्किनने हार्डीची पुढची पायरी, म्हणजे सुधारणेवरील श्रद्धा, स्वीकारली नाही. पूर्ण दर्शनाचा आग्रह मात्र त्याने उचलला.

युद्धोत्तर इंग्लंडची परिस्थितीही या वृत्तीला पोषक होती. साम्राज्य आटत होते. अन्नधान्याचे नियंत्रण १९५४ पर्यंत चालू होते. मोठ्या शब्दांवरचा आणि मोठ्या स्वप्नांवरचा विश्वास उडालेला होता. १९५६ मध्ये रॉबर्ट काँक्वेस्टने संपादित केलेल्या 'न्यू लाइन्स' या संकलनातून 'मूव्हमेंट' या नावाने ओळखला जाणारा कविवर्ग पुढे आला. संयत भाषा, स्पष्ट आशय आणि पारंपरिक छंद ही त्याची वैशिष्ट्ये होती. लार्किनचा 'द लेस डिसीव्ह्ड' हा संग्रह त्याच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. कमी फसलेला, असे त्या शीर्षकातून सुचते. मुळीच न फसलेला, असा दावा त्यात नाही.

४. खोली आणि तिच्यातला माणूस

'मिस्टर ब्लीनी' (१९५५) ही कविता या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. निवेदक भाड्याची खोली पाहायला आला आहे. घरमालकीण पूर्वीच्या भाडेकरूविषयी, म्हणजे मिस्टर ब्लीनीविषयी, बोलते. आखूड पडदे, साठ वॅटचा दिवा, एक खुर्ची, दारामागे खुंटी नाही, पुस्तकांना जागा नाही. निवेदक खोली घेतो, ब्लीनीच्याच पलंगावर झोपतो आणि त्याच्या सवयी त्याला हळूहळू कळत जातात : तो सुटीत कोठे जाई, नाताळात कोणाकडे राही, जेवणात त्याला काय आवडे.

येथपर्यंत सर्व माहिती आहे. त्यानंतरची शेवटची दोन कडवी मिळून एकच दीर्घ वाक्य आहे. आपण जसे राहतो त्यावरून आपली किंमत ठरते, आणि इतक्या वयात भाड्याच्या एका खोलीपलीकडे काही दाखवता येत नसेल तर आपली योग्यता तेवढीच, असा विचार ब्लीनीच्या मनात आला असेल काय, असा या वाक्याचा आशय आहे. निराशावादी वाचन येथेच थांबते आणि हेच कवितेचे सार मानते. पण हे सगळे वाक्य एका 'जर' वर टांगलेले आहे आणि त्याचा शेवट निवेदकाच्या अज्ञानाच्या कबुलीने होतो. खोली त्याला दिसली. माणूस दिसला नाही. खोलीवरून माणसाची किंमत ठरवता येते की नाही, हे त्याला ठाऊक नाही. निवेदक स्वतः त्याच खोलीत झोपला आहे, म्हणून हा प्रश्न त्याच्यावरही उलटतो. निराशेचा निष्कर्ष अगदी ओठांवर आलेला असताना वास्तवाची शिस्त त्याला अडवते, असे हे विलक्षण उदाहरण आहे.

याच्या उलट 'डॉकरी अँड सन' (१९६३) या कवितेत घडते. निवेदक आपल्या जुन्या कॉलेजला भेट देतो आणि आपल्या काळच्या डॉकरीचा मुलगा आता तेथे शिकतो आहे, असे त्याला कळते. परतीच्या प्रवासात शेफिल्डला गाडी बदलताना त्याने खाल्लेला वाईट पाय, फलाटाच्या टोकावरून चांदण्यात दिसणारे जुळणारे आणि फाकणारे रूळ, हे तपशील नेमके आहेत. रुळांचे ते चित्र दोन आयुष्यांच्या फाट्यांविषयी न बोलता बोलते. शेवटी मात्र कविता कंटाळा, भय आणि वार्धक्य यांच्याविषयी सर्वसाधारण विधान करते. ते विधान वजनदार आहे, संस्मरणीय आहे. पण डॉकरीचे आयुष्य निवेदकाने पाहिलेले नाही. तेव्हा ते विधान एका माणसाच्या बाबतीत कमावलेले आणि सर्वांच्या बाबतीत उसने घेतलेले आहे, असे म्हणावे लागते.

५. अपेक्षेपेक्षा अधिक दिसणे

काही कवितांत निरीक्षण निराशेला केवळ अडवत नाही, तर तिला बाजूला सारते. 'चर्च गोइंग' (१९५४) मधील निवेदक रिकाम्या चर्चमध्ये शिरतो. डोक्यावर टोपी नाही, म्हणून तो विजारीला लावलेल्या सायकलच्या क्लिपा आदराने काढतो. निघताना आयर्लंडचे सहा पेन्सचे नाणे दानपेटीत टाकतो. ही थट्टा आहे आणि तिचे लक्ष्य तो स्वतःच आहे. धर्मश्रद्धा संपल्यावर या इमारतींचे काय होईल, या प्रश्नाचा तो कोरडेपणाने पाठपुरावा करतो आणि असे करता करता श्रद्धेपेक्षा टिकाऊ अशी एक गोष्ट त्याच्या हाती लागते. जन्म, विवाह आणि मृत्यू यांना एकत्र बांधणारी जागा म्हणून ती वास्तू गंभीर आहे, आणि गंभीर होण्याची भूक माणसात केव्हा ना केव्हा जागी होणारच. श्रद्धा परत आलेली नाही. पण उपहासाने आरंभलेली कविता उपहासावर संपत नाही.

'द व्हिट्सन वेडिंग्ज' (१९५८) या कवितेचा घाटही असाच आहे. हलहून लंडनला जाणाऱ्या गाडीत निवेदक बसला आहे. व्हिट्सनच्या सुटीतील शनिवार असल्याने स्थानकास्थानकांवर नवविवाहित जोडपी गाडीत चढत आहेत. आरंभी फलाटांवरचा गलका त्याच्या नीट लक्षातही येत नाही. टपालाच्या पिशव्या हाताळणाऱ्या हमालांची ती मस्करी असावी, असे त्याला वाटते. लक्षात आल्यावर तो पाहतो ते वरच्या वर्गाच्या किंचित तुच्छतेने : लठ्ठ आया, अश्लील विनोद करणारे काका, नायलॉनचे हातमोजे, नकली दागिने. पण तो पाहात राहतो. मुलांचा कंटाळा, बापांचा आनंद, जुन्या मैत्रिणींच्या चेहऱ्यांवरची भीतियुक्त गंभीरता, असे एकेक तपशील जमा होतात आणि उपहासाला जागा उरत नाही. प्रत्येकी दहा ओळींच्या आठ कडव्यांत, जवळजवळ गाडीच्याच गतीने, कविता अशा बिंदूवर पोहोचते जिथे डझनभर अनोळखी आयुष्यांची एकत्रित शक्ती बाणांच्या वर्षावासारखी सुटते आणि दूर कोठे तरी पाऊस होते. ती जोडपी सुखी होतील, असे कवी म्हणत नाही. दुःखी होतील, असेही म्हणत नाही. स्वतः अविवाहित असलेल्या, वंचिततेला आपला विषय मानणाऱ्या कवीने दुसऱ्यांच्या उत्सवाला दिलेला हा न्याय आहे.

'अ‍ॅन अरंडेल टूम' (१९५६) या कवितेत आशा आणि शंका यांचे गणित अधिक सूक्ष्म आहे. चिचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये चौदाव्या शतकातील अरंडेलचा सरदार आणि त्याची पत्नी यांची शिल्पे शेजारी शेजारी पहुडलेली आहेत आणि त्यांचे हात एकमेकांत गुंफलेले आहेत. हे हात एकोणिसाव्या शतकातील दुरुस्तीत नव्याने बसवले गेले, ही माहिती लार्किनला कविता लिहून झाल्यावर मिळाली. पण कवितेतच तिची तयारी होती. हातात हात हा शिल्पकाराने सहज जोडलेला अलंकार असावा, काळाने त्याला जोडप्याच्या मनात नसलेला अर्थ दिला, असे ती स्पष्ट सांगते. प्रेमाच्या चिरंतनत्वाविषयीची शेवटची ओळ विवाहाच्या शुभेच्छापत्रांपर्यंत पोहोचली. तिच्या आधीच्या ओळीतील 'जवळजवळ' या अर्थाचा, दोनदा आलेला शब्द मात्र मागे राहिला. २०१६ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत लार्किनची स्मृतिशिला बसवण्यात आली. तिच्यावर या दोन्ही ओळी कोरलेल्या आहेत, हे योग्यच झाले. शंका गाळली तर ही कविता भाबडी होते. केवळ शंकाच वाचली तर, जे जवळजवळ खरे आहे ते तसे का वाटते, हा तिचा खरा प्रश्न हरवतो.

६. मृत्यू आणि हीनीचा आक्षेप

लार्किनच्या निराशावादाचा अंतिम पुरावा म्हणून मृत्यूविषयक कवितांकडे बोट दाखवले जाते. 'अँब्युलन्सेस' (१९६१) मध्ये रुग्णवाहिका रस्त्यात थांबते, खेळणारी मुले आणि दुकानांतून परतणाऱ्या बाया थबकतात, स्वयंपाकाचे वास दरवळत असतात. बघणाऱ्यांच्या तोंडून सहानुभूतीचे शब्द निघतात आणि ते स्वतःच्याच दुःखासाठी असतात. 'द बिल्डिंग' (१९७२) मध्ये रुग्णालय हा शब्द न वापरता रुग्णालयाचे वर्णन येते आणि शेवटी रोज संध्याकाळी भेटायला येणाऱ्यांच्या हातांतली निरुपयोगी फुले दिसतात. ती फुले मृत्यूला थांबवू शकत नाहीत. पण ती आणणारे रोज येतात, हेही कवीने नोंदवले आहे.

डिसेंबर १९७७ मध्ये 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट' मध्ये प्रसिद्ध झालेली 'ओबाद' ही या मालिकेतील सर्वांत कठोर कविता. पहाटे चारला जाग आलेला निवेदक अंधाराकडे पाहात आपल्या नाहीसे होण्याचा विचार करतो. धर्माचा दिलासा तो नाकारतो. मृत्यूनंतर जाणीवच नसल्याने भीतीला कारण नाही, हा एपिक्युरसच्या परंपरेतील युक्तिवादही नाकारतो. जाणीवच नसणे हेच तर भयाचे कारण आहे, असे त्याचे उत्तर आहे.

या कवितेवरचा सर्वांत समर्थ आक्षेप शेमस हीनीचा आहे. येट्स आणि लार्किन यांची तुलना करणारा त्याचा निबंध 'द रिड्रेस ऑफ पोएट्री' (१९९५) या ग्रंथात समाविष्ट आहे. चेस्लाव मिलोश या पोलिश कवीच्या आक्षेपाचा आधार घेऊन हीनी असे सुचवतो की, कवितेने जीवनाच्या बाजूने उभे राहायला हवे आणि 'ओबाद'चा युक्तिवाद तराजूच्या नकारात्मक पारड्यात वजन टाकतो. येट्स मात्र त्याच शून्यासमोर मानवी आत्म्याचा प्रतिसाद उभा करतो. हीनी प्रामाणिक समीक्षक असल्यामुळे तो हेही मान्य करतो की, कवितेचा घाट, तिची यमके आणि तिची ऊर्जा जीवनाच्याच बाजूची आहे. त्याचा आक्षेप आशयापुरता आहे.

या मांडणीत कवितेच्या शेवटच्या कडव्याला पुरेसे महत्त्व मिळत नाही, असे वाटते. दहा ओळींच्या पाच कडव्यांच्या या कवितेत चार कडवी एका माणसाच्या बंद खोलीत घडतात. पाचव्यात उजाडते. कपाटाचा आकार स्पष्ट होतो, कुलूपबंद कार्यालयांत टेलिफोन वाजण्याच्या तयारीत दबा धरून असतात आणि पोस्टमन डॉक्टरांसारखे घरोघर जातात. काम करणे भाग आहे. हा दिलासा नाही आणि कवी तो तसा देऊही करत नाही. पण खोलीबाहेर इतर माणसे आहेत, ती एकमेकांच्या दारापर्यंत काहीतरी पोहोचवीत आहेत आणि या पोहोचवण्याची तुलना कवीला उपचाराशी करावीशी वाटली, ही गोष्ट आशयाचाच भाग आहे. हीनीची अपेक्षा कवितेने मृत्यूला उत्तर द्यावे, अशी आहे. लार्किन उत्तर देत नाही. उत्तर नसताना सकाळ कशी होते, ते दाखवतो. दोहोंपैकी कोणते काव्य थोर, याचा निकाल वाचकाच्या जीवनदृष्टीवर अवलंबून राहील. परंतु दुसऱ्या प्रकाराला पराभव म्हणता येणार नाही.

७. वास्तववाद जिथे अपुरा पडतो

लार्किनची बाजू घेताना त्याच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. 'दिस बी द व्हर्स' (१९७१) ही त्याची बहुधा सर्वांत लोकप्रिय कविता. आईवडील मुलांना बिघडवतात आणि हे दुःख पिढ्यान्‌पिढ्या उतरत जाते, असे ती बारा ओळींत सांगते. चटकदार लय आणि धक्कादायक शब्दयोजना यांमुळे ती पाठ होते. पण तिच्यात एकही घर दिसत नाही, एकही आई दिसत नाही. पुराव्याशिवायचा निष्कर्ष, हे तिचे स्वरूप आहे. लार्किनच्या निराशावादाचे उदाहरण म्हणून हीच कविता वारंवार पुढे केली जाते, हे सूचक आहे.

अधिक गंभीर उदाहरण 'होमेज टू अ गव्हर्नमेंट' (१९६९) या कवितेचे. पैशाअभावी दूरदेशीच्या ठाण्यांवरील ब्रिटिश सैन्य मायदेशी परत आणले जात असल्याबद्दल ती उपरोधिक खेद व्यक्त करते. एडनमधून ब्रिटनने १९६७ मध्ये सैन्य काढून घेतले, हा तिच्यामागचा संदर्भ. देश पैशाच्या भाषेत बोलू लागला, हे कवीचे दुःख समजू शकते. पण ज्या भूमीवर ते सैन्य होते तेथील माणसे कवितेत कोठेच नाहीत. तेथे काय चालले आहे, हे आपल्याला महत्त्वाचे नाही, असा जो सूर कवी उपरोधाने रंगवतो, त्याच्याच कक्षेत त्याची स्वतःची दृष्टीही राहते. वासाहतिक राजवटीचा अनुभव असलेल्या समाजातील वाचकाला ही उणीव चटकन जाणवते. फलाटावरच्या अनोळखी वऱ्हाडाला न्याय देणारी नजर येथे समुद्र ओलांडत नाही. ही कविता फसते ती निराश असल्यामुळे नव्हे, पुरेशी वास्तववादी नसल्यामुळे.

डोनाल्ड डेव्हीने हार्डीवरील आपल्या ग्रंथात लार्किनवर अपेक्षा खाली आणण्याचा ठपका ठेवला होता. निवडलेली पत्रे (१९९२) आणि अँड्र्यू मोशनलिखित चरित्र (१९९३) यांतून लार्किनचे वंशविषयक व इतर पूर्वग्रह उघड झाल्यावर आक्षेपांना नैतिक धार आली. ते पूर्वग्रह समर्थनीय नाहीत. मात्र चरित्रातील माणूस कवितेवर चिकटवणे आणि शिक्का कवितेवर चिकटवणे, या दोन्ही कृतींत चूक एकच आहे : दोन्हींमुळे कविता वाचण्याची गरज संपते.

८. निराशेतून नीती

लार्किनच्या वास्तववादाला नैतिक फलित आहे काय? शेवटच्या टप्प्यातील दोन कविता याचे उत्तर देतात. 'हाय विंडोज' (१९७४) या संग्रहाच्या अखेरीस 'द एक्सप्लोजन' ही कविता आहे. सकाळी खाणीकडे निघालेल्या कामगारांपैकी एकाला चंडोलाच्या अंड्यांचे घरटे सापडते. तो ते सोबत्यांना दाखवून पुन्हा गवतात ठेवतो. दुपारी खाणीत स्फोट होतो. नंतर मृतांच्या बायकांना आपापले नवरे क्षणभर दिसतात आणि त्यांच्यातला एक ती न फुटलेली अंडी दाखवत असतो. हे दर्शन खरे की भास, यावर कवी भाष्य करीत नाही. बायकांना ते दिसले, एवढेच तो नोंदवतो.

'द मोअर' (१९७९) ही छोटी कविता एका प्रत्यक्ष घटनेवर आधारलेली आहे. बागेतले गवत कापताना लार्किनच्या यंत्रात सापडून एक साळू मेला. त्याला कवीने पूर्वी पाहिले होते, खायलाही घातले होते. मृत्यूचे कोणतेही समर्थन कविता शोधत नाही. दुसऱ्या दिवशी तो प्राणी नाही, हे अभावाचे रूप ती नोंदवते आणि मग, वेळ आहे तोवर एकमेकांची काळजी घ्यावी, दयाळू असावे, या साध्या बोलावर संपते. एरवी हे वाक्य सुविचारासारखे वाटले असते. येथे ते वाटत नाही, कारण त्यामागे एक विशिष्ट प्राणी, एक विशिष्ट सकाळ आणि बोलणाऱ्याचा स्वतःचा दोष आहे. मृत्यू अंतिम आहे, या गृहीतावरूनच दयाळूपणाची निकड सिद्ध होते. मृत्यूची भरपाई होणार असती, तर ही घाई नसती.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. लार्किनच्या कवितेत निराशा हा आरंभ असतो. तिचा शेवट निरीक्षणाने ठरतो. 'मिस्टर ब्लीनी' मध्ये निरीक्षण निराशेला अडवते, 'द व्हिट्सन वेडिंग्ज' मध्ये तिला मागे टाकते, 'ओबाद' मध्ये तिच्या शेजारी उजाडलेले जग ठेवते आणि 'द मोअर' मध्ये तिच्यातून कर्तव्य काढते. 'दिस बी द व्हर्स' किंवा 'होमेज टू अ गव्हर्नमेंट' यांसारख्या कवितांत निरीक्षण अपुरे असल्याने निराशा किंवा खेद हा केवळ पवित्रा बनतो. म्हणून लार्किनला निराशावादी म्हणावे की वास्तववादी, हा प्रश्न चुकीच्या रीतीने मांडलेला आहे. प्रत्येक कवितेत या दोहोंपैकी कोण कोणावर अधिकार चालवतो, हे विचारायला हवे.

हा प्रश्न वर्गातही विचारता येण्याजोगा आहे. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला कवी निराशावादी आहे असे सांगितले, की त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात : ते मत मानणे किंवा टाकणे. त्याऐवजी त्या खोलीत खुंटी नाही, हे त्याला पाहायला लावले आणि तेवढ्यावरून ब्लीनीविषयी काय म्हणता येईल, असे विचारले, तर पुराव्याहून मोठा निष्कर्ष न काढण्याची सवय त्याला लागू शकेल. कवितेच्या अभ्यासातून मिळणारी ही शिस्त कवितेपुरती राहत नाही. लार्किनने मोठ्या आशा दिल्या नाहीत हे खरे. पण दिसते त्याहून अधिक दुःखही त्याने आपल्या श्रेष्ठ कवितांत सांगितले नाही. हे प्रमाण राखणे हेच त्याच्या कवितेचे सामर्थ्य होय.